गोचिडीचा ताप व त्यावरील औषध

वऱ्हाडांत पावसाळा सरला आणि रानांतलें गवत पिवळें पडूं लागलें, म्हणजे गुराख्याचें एक काम वाढतें. सायंकाळीं गुरें गोठ्यांत आलीं कीं त्यांच्या कानांमागें, कासेजवळ व शेपटीच्या मुळाशीं हात फिरवून तो चिकटलेल्या गोचिडी काढीत बसतो. वाशीम जिल्ह्यांतील मानोरा तालुका हा असाच गुराढोरांचा आणि तांड्यांचा मुलूख. याच तालुक्यांत पोहरादेवी येथें संत सेवालाल महाराजांची समाधि असून तेथें दूरदूरच्या प्रांतांतून बंजारा समाजाचे लोक दर्शनास येतात. ज्यांच्या पूर्वजांनीं बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून अर्धा हिंदुस्थान पालथा घातला, त्यांना गोचीड म्हणजे काय हें कोणी शिकवावयास नको. गोचीड रक्त पिते, जनावर रोडावतें, दूध आटतें, एवढें लहान पोरालाहि ठाऊक असतें. परंतु तीच गोचीड माणसाला चावली असतां कधीं कधीं जो ताप येतो, त्याचें नांव मात्र खेड्यांत कोणी घेत नाहीं. आणि शहरांतल्या सुशिक्षित घरांतहि तें क्वचितच ऐकूं येतें.

वैद्यकाच्या इतिहासांत या तापाची हकीकत एका दृष्टीनें विलक्षण आहे. पुष्कळ रोगांच्या बाबतींत रोग आधीं ओळखला गेला आणि औषध मागाहून, कधीं कधीं शेंकडों वर्षांनीं, हातीं आलें. येथें औषध सांपडलें, स्वस्त झालें, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोंचलें; आणि त्यानंतर रोगाचाच विसर पडला. आज या तापानें कोणी दगावत असेल, तर तो बहुधा औषधाच्या अभावीं दगावत नाहीं, या विसरामुळें दगावतो. हा विसर कसा पडला, हें समजण्यासाठीं थोडें मागें जावें लागतें.

प्रथम गोचिडीविषयीं दोन शब्द. गोचीड हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या गोचिडीला आठ असतात. कोळी आणि विंचू हे तिचे भाऊबंद. अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाला मात्र सहाच पाय असतात, आणि तें इतकें बारीक असतें कीं कपड्यावर चढलेलें सहसा दिसत नाहीं. गोचीड चावते तेव्हां फारसें दुखत नाहीं. ती कातडींत तोंड खुपसून कित्येक दिवस चिकटून राहते, पोट भरलें म्हणजे आपोआप गळून पडते, आणि ज्याचें रक्त तिनें प्यालें त्याला त्याची वार्ताहि नसते. म्हणूनच रोग्याला ‘गोचीड चावली होती काय?’ असें विचारलें, तर तो पुष्कळदां प्रामाणिकपणें ‘नाहीं’ असें सांगतो. आपल्या देशांत या तापाच्या बाबतींत जिच्यावर मुख्यत्वें संशय घेतला जातो, ती कुत्र्याच्या अंगावरची तांबूस गोचीड होय. तेव्हां हा केवळ गुराख्यांचा किंवा रानांत राहणाऱ्यांचा रोग आहे, असें शहरवासीयांनीं समजण्याचें कारण नाहीं. ज्या घरांत लाडका कुत्रा पायांशीं झोंपतो, त्या घरांतहि गोचीड येऊं शकते.

गोचीड रोग पसरविते हें प्रथम कळलें तें माणसांच्या नव्हे, गुरांच्या बाबतींत. अमेरिकेंत टेक्ससकडील गुरें उत्तरेकडे नेलीं कीं तेथील स्थानिक गुरें तापानें पटापट मरत. मालक म्हणत, हें काम गोचिडीचें, विद्वान हंसत. अखेर थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं पद्धतशीर प्रयोग करून मालकांचेंच म्हणणें खरें ठरविलें आणि १८९३ सालीं तें प्रसिद्ध केलें. सर रोनाल्ड रॉस यांनीं सिकंदराबाद येथें हिंवताप आणि डास यांचा संबंध दाखविला, त्याच्याहि चार वर्षें आधींची ही गोष्ट. तो गुरांचा रोग वेगळ्या जातीच्या जंतूचा होता हें खरें. परंतु रक्त पिणारा एवढासा प्राणी रोगाचा वाहक असूं शकतो, ही दृष्टि त्या प्रयोगानें आली.

पुढें तेरा वर्षांनीं हीच दृष्टि माणसाच्या उपयोगीं पडली. अमेरिकेच्या माँटाना संस्थानांत बिटररूट नांवाच्या खोऱ्यांत वसंत ऋतूंत एक भयंकर ताप येई. रोग्याच्या अंगावर काळपट-तांबडे ठिपके उठत आणि पुष्कळसे रोगी दुसऱ्या आठवड्यांत मरत. हॉवर्ड टेलर रिकेट्स हा तरुण संशोधक तेथें गेला. १९०६ सालीं त्यानें गिनी-पिग नांवाच्या लहान प्राण्यांवर प्रयोग करून दाखविलें कीं हा ताप गोचिडीच्या दंशानें एकापासून दुसऱ्याला जातो. चारच वर्षांनीं मेक्सिकोंत टायफस नांवाच्या सजातीय तापाचा अभ्यास करीत असतां त्याच तापानें त्याला गांठलें आणि १९१० सालीं तो मरण पावला. प्रोवाझेक हा दुसरा शास्त्रज्ञ १९१५ सालीं याच टायफसला बळी पडला. १९१६ सालीं रोशा लिमा या ब्राझिलच्या संशोधकानें टायफसच्या जंतूला या दोघांचीं नांवें जोडून ‘रिकेट्सिया प्रोवाझेकी’ असें म्हटलें. या सर्व जंतुकुळाला आज रिकेट्सिया म्हणतात तें यामुळें. ज्या रोगानें प्राण घेतला, त्याच्याच जंतूच्या रूपानें संशोधकाचें नांव उरावें, असें हें शास्त्रांतलें चमत्कारिक स्मारक आहे.

आपल्या देशांतील नोंद याच सुमाराची आहे. कर्नल मेगॉ या सरकारी डॉक्टरानें १९१७ सालीं ‘इंडियन मेडिकल गॅझेट’ या मासिकांत कुमाऊंच्या डोंगरांतील अशा एका तापाची हकीकत दिली. आणि १९२१ सालीं हिंदुस्थानांत टायफससारखा एक ताप असून तो बहुधा गोचिडीमुळें येत असावा, असें त्याच मासिकांत सविस्तर मांडलें. तत्पूर्वीं १९१० सालीं ट्यूनिस येथें कॉनॉर व ब्रुश यांनीं असाच पुरळाचा ताप वर्णिला होता. त्या कॉनॉरच्या नांवावरून जंतूला ‘रिकेट्सिया कॉनॉराय’ हें नांव मिळालें. आपल्याकडील गोचिडीचा ताप याच जंतूचा, किंवा त्याच्या अगदीं जवळच्या नातलगाचा, असें मानतात.

हा जंतु शरीरांत काय करतो, तें समजलें म्हणजे औषधाची गोष्ट सोपी होते. गोचिडीच्या लाळेवाटे तो रक्तांत येतो आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या आंतील अस्तराच्या पेशींत शिरून तेथेंच वाढतो. अस्तर बिघडलें कीं वाहिन्या झिरपूं लागतात. दंशानंतर साधारण आठवड्याभरांत ताप चढतो, डोकें व सांधे ठणकतात, आणि तीन ते पांच दिवसांत पुरळ उठतें. हें पुरळ तळहातांवर आणि तळपायांवरहि येतें, ही त्याची मोठी खूण. वेळेवर उपचार झाला नाहीं तर मेंदू, फुफ्फुसें, मूत्रपिंडें यांना धक्का पोंचतो. बोटें किंवा कानाच्या पाळ्या काळ्या पडतात. आणि रोगी हातचा जातो.

१९३५ नंतर सल्फाचीं औषधें आलीं. दुसऱ्या महायुद्धांत पेनिसिलिनचा जगभर डंका वाजला. परंतु गोचिडीच्या तापापुढें दोन्ही निरुपयोगी ठरलीं. सल्फानें तर अपाय होतो, असें आढळलें. पेनिसिलिन व त्याच्या कुळांतील औषधें जंतूच्या अंगाभोंवतालची भिंत बांधली जाऊं देत नाहींत, आणि त्यामुळें पुष्कळ जंतू मरतात. पण रिकेट्सिया आपल्याच पेशींच्या आंत दडून बसलेला असतो. चोर माजघरांत शिरून कडी लावून बसल्यावर वेशीवरचा पहारा वाढवून काय उपयोग? येथें आंत शिरणारें औषध हवें होतें.

तें मिळालें मातींतून. मातींतले कांहीं सूक्ष्म जीव शेजारच्या जीवांना मारणारे पदार्थ तयार करतात, हें कळल्यावर संशोधक देशोदेशींची माती पुड्यांत बांधून प्रयोगशाळेंत आणूं लागले. दक्षिण अमेरिकेंतील काराकास शहराजवळच्या मातींतून १९४७ सालीं क्लोरॅम्फेनिकॉल हें औषध निघालें. ‘क्लोरोमायसेटिन’ या नांवानें वडील पिढीला तें चांगलेंच आठवत असेल. त्याच सुमारास आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हजारों सैनिकांना ज्यानें ग्रासलें होतें, तो स्क्रब टायफस डॉक्टरांच्या ध्यानांत ताजा होता. हा ताप गोचिडीच्या तापाचा जवळचा भाऊ. फरक इतकाच कीं त्याचा वाहक गोचीड नसून झुडपांतील अतिसूक्ष्म किडा असतो. १९४८ सालीं जोसेफ स्मॅडेल हा अमेरिकन डॉक्टर आपली मंडळी घेऊन मलायांतील क्वालालंपूर येथें आला आणि त्यानें हें नवें औषध स्क्रब टायफसच्या रोग्यांना दिलें. जो ताप दोन-दोन, तीन-तीन आठवडे हटत नसे, तो दोनएक दिवसांत उतरूं लागला. या प्रयोगाच्या पहिल्या निबंधावर जीं नांवें आहेत, त्यांत क्वालालंपूरच्या संस्थेंत वर्षानुवर्षें टायफसचा अभ्यास केलेले डॉ. सावूर यांचेंहि नांव आहे. त्याच वर्षीं अमेरिकेंत हें औषध गोचिडीच्या तापावर वापरण्यांत आलें आणि तेथेंहि गुण आला. ज्या रोगांत पूर्वीं शेंकडा वीसहून अधिक रोगी मरत, त्याला पहिल्यांदाच खरा उतार सांपडला.

योगायोग असा कीं तें एकच वर्ष दोन औषधांचें ठरलें. बेंजामिन डग्गर हे वनस्पतिशास्त्राचे वृद्ध अध्यापक विश्वविद्यालयांतून निवृत्त झाल्यावर लेडर्ले या औषधकंपनींत काम करूं लागले. मिसूरी येथील शेतांतल्या मातींतून त्यांनीं सोन्यासारख्या पिवळ्या रंगाचें एक औषध मिळविलें. त्याचें नांव ऑरिओमायसिन. १९४८ सालीं तें जाहीर झालें, तेव्हां डग्गर यांचें वय पंचाहत्तरीच्या पुढें होतें. त्या कंपनीच्या संशोधन-विभागाचे प्रमुख होते आंध्रांतील भीमवरम् येथें जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. ऑरिओमायसिन जगापुढें आलें आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत सुब्बाराव वारले. आज गोचिडीच्या तापावर जें औषध सर्वश्रेष्ठ मानलें जातें, तें याच ऑरिओमायसिनच्या वंशांतलें आहे. त्या वंशाला टेट्रासायक्लिन म्हणतात; आणि १९६७ पासून प्रचारांत आलेलें डॉक्सिसायक्लिन हें त्यांतील गुणी अपत्य. तें पेशींच्या आंत शिरतें आणि जंतूचें प्रथिनें घडविण्याचें यंत्रच बंद पाडतें. जंतूची वाढ थांबली कीं उरलेलें काम शरीर स्वतः करतें.

आपल्याकडे १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला आणि दुसऱ्या वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. हळूहळू प्रतिजैविक औषधें जिल्ह्याच्या गांवांतून खेड्यांत उतरलीं. मग गोचिडीच्या तापाचा विसर पडला तो कसा?

विषमज्वर, म्हणजे लोकांच्या भाषेंत मुदतीचा ताप, यावर क्लोरॅम्फेनिकॉल रामबाण ठरलें. तेव्हांपासून आठवडाभर न उतरणारा कोणताहि ताप आला कीं गांवचा डॉक्टर तोच मुदतीचा समजून हें औषध देई. त्या रोग्यांत ज्याला गोचिडीचा ताप असेल, तोहि त्याच औषधानें बरा होई. कागदावर नोंद होई मुदतीच्या तापाची. घरचे लोकहि तेंच सांगत. अशा रीतीनें औषधानें रोग बरा केला आणि त्याबरोबर त्याचें नांवहि पुसून टाकलें, असें मानण्यास पुष्कळ जागा आहे. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पुस्तकांत दोन-चार ओळी वाचावयास मिळत, पण खाटेवर रोगी दिसत नसे. जें डोळ्यांपुढें येत नाहीं, तें ध्यानांतहि राहत नाहीं.

परंतु काळ बदलला. क्लोरॅम्फेनिकॉलमुळें क्वचित् एखाद्या रोग्याचें रक्त तयार होणेंच बंद पडतें, हें लक्षांत आलें होतें. १९७२ सालीं केरळांत कालिकत येथें या औषधाला दाद न देणाऱ्या विषमज्वराची साथ आली. पुढें असे हट्टी जंतू देशभर पसरले. डॉक्टरांनीं दुसरीं औषधें हातीं घेतलीं. आज तापाच्या गंभीर रोग्याला इस्पितळांत बहुधा सेफ्ट्रियाक्झोनचें इंजेक्शन मिळतें. विषमज्वरावर तें उत्तम आहे. पण तें पेनिसिलिनच्याच चालीचें, भिंत पाडणारें. माजघरांतल्या चोरावर तें चालत नाहीं. अजाणतां मिळणारें संरक्षण अशा रीतीनें गेलें आणि रोगाचा विसर मात्र तसाच राहिला. त्यांतच डेंग्यूच्या साथी वाढल्या. ताप, अंगदुखी, पुरळ आणि रक्तांतील प्लेटलेट नांवाचे कण कमी होणें, हीं डेंग्यूचीं लक्षणें गोचिडीच्या तापांतहि दिसतात. पावसाळ्याच्या अखेरीस असा रोगी आला कीं ‘डेंग्यू’ हा शब्द ओठावर तयारच असतो. डेंग्यूवर प्रतिजैविक नाहीं, म्हणून तें दिलें जात नाहीं. आणि जो एका साध्या गोळीनें वांचला असता, तो दिवसेंदिवस खंगत जातो.

महाराष्ट्रांतील संशोधकांनीं याकडे लक्ष वेधलें नाहीं असें नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणु संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं पुणें जिल्ह्यांतील गोचिडीच्या रिकेट्सिया-रोगांवर १९८४ सालीं निबंध प्रसिद्ध केला. पुढें, मानोऱ्याहून फार दूर नसलेल्या अकोला शहरांतील बालरोगतज्ज्ञांनीं मध्य भारतांतल्या मुलांमधील या तापांचा अभ्यास करून २०११ सालीं ‘इंडियन पीडिअॅट्रिक्स’ या नियतकालिकांत एक व्यवहारी युक्ति मांडली. तळहात-तळपायांवरील पुरळ, जनावरांचा सहवास, गोचिडीचा दंश, साध्या रक्ततपासणींतील कांहीं बदल, अशा एकेका खुणेला गुण द्यावयाचे. बेरीज ठराविक आंकड्यापुढें गेली कीं हा रोग गृहीत धरून चालावयाचें. महागडी तपासणी जेथें नाहीं, तेथें डॉक्टरच्या डोळ्यांना आणि विचारपूस करण्याच्या संवयीला या पद्धतीनें मोल दिलें. वाशीम जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा झाला. परंतु रान आणि गुरें यांनीं जिल्ह्यांची हद्द कधींच पाळलेली नाहीं.

विचारपुशीला एवढें महत्त्व कां? तर रक्ताच्या परीक्षेला वेळ लागतो म्हणून. वाइल आणि फेलिक्स यांनीं १९१६ सालीं शोधलेली जुनी सोपी परीक्षा असो किंवा आजची सुधारलेली, ती शरीरानें जंतूविरुद्ध तयार केलेले पदार्थ शोधते. आणि ते पदार्थ पुरेसे दिसूं लागण्यास आठवडाभर तरी जातो. तोंवर थांबणें म्हणजे आग विझविण्यापूर्वीं पंचनामा करणें होय. म्हणून भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शनांत, संशय बळावतांच डॉक्सिसायक्लिन सुरू करावें, परीक्षेच्या निकालाची वाट पाहत बसूं नये, असें सांगितलें. औषध योग्य असेल तर बहुधा दोन-तीन दिवसांत ताप उतरतो. आणि हा उतारच निदानाला पुष्टि देतो. त्यानंतर तीनच वर्षांनीं, २०१८ च्या पावसाळ्यांत, नागपूर व पूर्व विदर्भांत स्क्रब टायफस उसळला आणि माणसें दगावलीं. तेव्हां भावाभावांतील धाकट्या-थोरल्या अशा या सर्वच तापांकडे विदर्भाचें लक्ष गेलें.

लहान मुलांना हें औषध द्यावें कीं नाहीं, या भीतीनेंहि पुष्कळ वेळ फुकट गेला आहे. जुन्या टेट्रासायक्लिनमुळें वाढत्या मुलांच्या दांतांवर कायमचे पिवळट डाग पडत, हें खरें. परंतु डॉक्सिसायक्लिन दांतांतील चुन्याला तितकें चिकटत नाहीं. आठ वर्षांच्या आंत हें औषध घेतलेल्या ५८ मुलांचे दांत अमेरिकेंत तपासले गेले; २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत एकाच्याहि दांतांवर तसा डाग आढळला नाहीं. गरोदर स्त्रियांसाठीं अझिथ्रोमायसिन हें दुसरें औषध आहे. कोणतें, किती आणि किती दिवस, हें ठरविणें अर्थात् डॉक्टरचें काम.

आणखी एक सावधगिरी. गोचिडीपासून येणारा प्रत्येक ताप जंतूचाच असतो असें नाहीं. १९५७ सालीं कर्नाटकांतील क्यासनूर जंगलांत माकडें पटापट मरूं लागलीं आणि पाठोपाठ माणसें आजारी पडलीं, तेव्हां त्या गोचिडींत विषाणु सांपडला. हा ‘माकडताप’ अलीकडे सिंधुदुर्ग जिल्ह्यांतहि पोंचला आहे. त्यावर डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाहीं. म्हणून घरच्या घरीं गोळ्या आणून प्रत्येक तापावर त्यांचा मारा करणें हें शहाणपण नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल विषमज्वरावर बोथट झालें, तें अशाच सढळ वापरामुळें.

घरच्या माणसांच्या हातीं जें आहे, तें याहून साधें आहे. अंगावर चिकटलेली गोचीड दिसल्यास तिच्यावर रॉकेल ओतूं नये, पेटती काडी लावूं नये, नखानें चिरडूं नये. बारीक चिमट्यानें कातडीच्या अगदीं लगत धरून ती सरळ ओढावी आणि जागा साबणानें धुवावी. कुत्र्याचें अंग व गोठ्याच्या भिंतींच्या फटी वेळोवेळीं तपासाव्या. आणि पुढील पंधरवड्यांत ताप आलाच, तर डॉक्टरकडे जातांना गोचिडीची हकीकत आवर्जून सांगावी. घरांत कोणतीं जनावरें आहेत, मूल कोठें खेळतें, सुटींत कोणत्या गांवीं जाऊन आलें, हें डॉक्टरनें विचारलें नाहीं तरी आपण होऊन सांगावें.

रिकेट्सनें प्राण दिला तेव्हां जगांत या तापाला औषध नव्हतें. शुश्रूषा आणि दैव एवढाच आधार होता. आज डॉक्सिसायक्लिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत आहे आणि थोडक्या रुपयांत मिळतें. मधल्या शतकांत दोन खंडांतली माती चाळली गेली, कित्येक संशोधक खपले. त्या सर्व खटाटोपाचें फळ एखाद्या तांड्यावरच्या तापलेल्या मुलापर्यंत पोंचतें कीं नाहीं, हें अखेर ‘गुरांत किंवा कुत्र्यांत वावर आहे काय?’ एवढा साधा प्रश्न वेळेवर कोणाला सुचतो, यावर अवलंबून आहे.